टवका पडला, पण पिल्लू बाहेर येईना: इनक्युबेटरमध्ये अडकलेल्या पिल्लाला हात कधी लावायचा

कोंबडीची अंडी मशीनमध्ये ठेवल्याचा एकविसावा दिवस. काल संध्याकाळी अंड्यावर टवका दिसला, आतून चिवचिव ऐकू आली. आज सकाळी टवका आहे तेवढाच आहे. शेजारच्या चार अंड्यांतली पिल्लं बाहेर येऊन सुकलीसुद्धा, हे एक अजून तिथंच. झाकण उघडून नखानं थोडं कवच काढून द्यावं असं वाटतं, आणि बहुतेक वेळा पिल्लू त्यानंच मरतं. पण खानदेशात, खास करून आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आगेमागे, ऐन उन्हाळ्यात, उलटंही घडतं. ‘मधे हात घालायचा नाही’ म्हणून माणूस थांबून राहतो आणि त्याच्या डोळ्यांदेखत कवचाखालचा पापुद्रा वाळून पिल्लाभोवती चामड्यासारखा आवळतो. आत धडधाकट पिल्लू असतं, पण त्याला मानही फिरवता येत नाही. थांबायचं की हात घालायचा, हे पापुद्र्याचा रंग आणि घड्याळ या दोन गोष्टींवरून ठरतं.

आधी घड्याळ नीट लावा

अंडी ठेवली तो दिवस शून्य. सोमवारी संध्याकाळी ठेवलेली अंडी तीन आठवड्यांनी सोमवारीच फुटायची. ठेवल्याचा दिवस पहिला धरून मोजणारे एक दिवस आधीच घाबरतात, आणि निम्मे ‘अडकलेली’ पिल्लं ही अशी कॅलेंडरातली असतात.

अठरा दिवसांपर्यंत पिल्लू फुप्फुसानं श्वास घेत नाही. कवचाला आतून लागून रक्तवाहिन्यांचं जाळं असतं, तेच त्याला हवा पुरवतं. १९व्या-२०व्या दिवशी ते चोचीनं हवेच्या पोकळीचा पापुद्रा फोडतं. हा आतला टोचा, बाहेरून काही दिसत नाही. बॅटरीवर धरलं तर बोथट टोकाकडच्या पोकळीत चोचीची सावली हलते, कानाशी धरलं तर टकटक किंवा बारीक चिवचिव येते. त्या पोकळीतली हवा थोडीच असते. कार्बन डायऑक्साइड वाढू लागला की मानेमागचा जाड स्नायू झटके देतो, चोचीवरचा पांढरा टोकदार दाणा कवचावर आदळतो आणि टवका उडतो. आतल्या टोच्यापासून टवक्यापर्यंत १२ ते २४ तास जातात.

टवका पडल्यावर पिल्लू गप्प होतं. लोकांना वाटतं, दमलं. ते दमलेलं नसतं. फुप्फुसं काम शिकत असतात, पापुद्र्याच्या जाळ्यातलं रक्त अंगात ओढलं जात असतं आणि पिवळा बलक बेंबीतून पोटात जात असतो. या शांततेला १२ ते १८ तास लागतात, २४ लागले तरी गैर नाही. ते उरकलं की पिल्लू अंड्यात गोल फिरत टवक्यापासून घेर कापत जातं. बोथट टोकाकडून पाहिलं तर घड्याळाच्या उलट्या दिशेनं. हा घेर मात्र भराभर होतो. अर्ध्या तासात, फार तर दोन-तीन तासांत टोपी उघडावी तसं झाकण उडतं.

म्हणून टवका दिसला की वेळ लिहून ठेवा. अंड्यावर नाही, झाकणावर चिकटपट्टी लावून तिच्यावर. ‘काल कधीतरी’ या नोंदीवर निर्णय घेता येत नाही.

हात घालायची वेळ

टवक्याला २४ तास झाले, टवका वाढलेला नाही आणि टवक्यातून दिसणारा पापुद्रा कागदासारखा वाळलेला, पिवळट-तपकिरी आहे, तर मदत करायची. पापुद्रा पांढरा आणि ओलसर असेल, चोच हलत असेल, पिल्लू आवाजाला ओ देत असेल, तर २४ तास झाले तरी अजून पाच-सहा तास थांबा.

घेर कापायला लागून मधेच थांबलेलं पिल्लू वेगळं. घेर सुरू झाला म्हणजे आतलं काम बहुतेक संपलेलं आहे. तीन-चार तासांत घेर पुढे सरकला नाही, कडेला पिसं पापुद्र्याला चिकटलेली दिसली, तर २४ तासांची वाट बघू नका. उन्हाळ्यात सर्वांत जास्त पिल्लं या टप्प्यावर जातात, आणि वाचवायलाही हाच टप्पा सर्वांत सोपा.

तिसरी परिस्थिती: आतला टोचा नक्की झाला, आवाज येतोय, पण २४ तास होऊन गेले तरी बाहेर टवका नाही. इथं कवच काढायचं नाही, फक्त श्वासापुरतं भोक पाडायचं. बॅटरी लावून पोकळीची कड पेन्सिलीनं आखा. त्या रेषेच्या बरंच आत, बोथट टोकाच्या माथ्याजवळ, निर्जंतुक केलेली दाभणाची किंवा खिळ्याची टोक हातानं फिरवत फिरवत दोन मिलिमीटरचं भोक पाडा. ठोकायचं नाही. कवच गेलं की थांबायचं, आत घुसवायचं नाही. आतला टोचा झालाय की नाही याचीच खात्री नसेल तर हे करू नका. श्वास अजून जाळ्यातून चालला असेल तर भोकाचा उपयोग शून्य आणि वाळण्याचा धोका पूर्ण.

बाकीची पिल्लं आली म्हणून घाई, मुलांना दाखवायचं म्हणून घाई, वीज जाणार आहे म्हणून घाई, यांतलं एकही कारण चालत नाही.

मदत कशी करायची

लागणारं सामान आधी मांडून ठेवा, झाकण नंतर उघडा. बोथट टोकाचा चिमटा, ईअरबड, बॅटरी, स्वच्छ सुती कापडाचा तुकडा, ३७-३८ अंशांचं कोमट पाणी, खोबरेल तेल, चमचाभर कॉर्नफ्लोअर आणि एक छोटी वाटी. चिमटा उकळून घ्या, हात साबणानं धुवा. संक्रांतीच्या थंडीत खोबरेल गोठलेलं असतं, बाटली कोमट पाण्यात धरून पातळ करा. गोठलेलं तेल बोटानं घासायला गेलात तर पापुद्रा फाटेल. पंखा आणि कूलर बंद करा. उन्हाळ्यात खोली गरम आहे म्हणून अंडं बाहेर ठेवलं तरी चालेल असं वाटतं; अंडं गार पडत नाही खरं, पण त्या कोरड्या वाऱ्यात उघडा पापुद्रा दोन मिनिटांत कडक होतो.

अंडं हातात घेतलं की पहिली नजर नाकपुड्यांवर. त्या चोचीच्या वरच्या बाजूला, बुडाशी असतात. तिथं पापुद्रा किंवा चिकट द्रव सुकून बसला असेल तर ओल्या ईअरबडनं मोकळा करा. कधी कधी एवढ्यावरच भागतं, पुढे पिल्लू स्वतःच घेर कापतं.

मग टवक्यापासून सुरुवात करून कवचाचे बारीक टवके काढा, पण बॅटरी लावून पेन्सिलीनं आधी आखून घेतलेल्या पोकळीच्या हद्दीतच. या भागात कवचाखाली हवाच असते, रक्त नसतं. पांढरा बाहेरचा पापुद्रा कवचाबरोबर निघाला तर निघू द्या. आतला पापुद्रा, जो पिल्लाच्या अंगाला लागून आहे, तो अजून ओढायचा नाही. त्याच्यावर ईअरबडनं कोमट पाणी लावा आणि अर्धा मिनिट थांबा. ओला झाला की तो पारदर्शक होतो आणि आतलं सगळं दिसतं. आपल्याला हव्या त्या प्रश्नाचं उत्तर इथंच मिळतं.

लाल, फुगलेल्या रक्तवाहिन्या दिसल्या तर काम तिथंच थांबलं. पापुद्र्यावर खोबरेलाचा पातळ हात फिरवा, नाकपुड्यांपासून दूर, आणि अंडं परत आत. तीन ते सहा तासांनी पुन्हा बघा. वाहिन्या सुकून धाग्यासारख्या फिकट झाल्या किंवा दिसेनाशाच झाल्या, तर पुढे जायला हरकत नाही. पाण्यापेक्षा तेल बरं, कारण ते उडून जात नाही आणि थेंब ओघळून नाकात शिरत नाही. पण थोडंच, पिल्लू तेलात भिजलं तर त्याची पिसं फुलत नाहीत आणि ते गारठतं.

आणखी एक खूण. पिल्लू जबडा उघडझाप करत, काहीतरी चावल्यासारखं करत असेल, तर बलक अजून आत जातोय. भुकेलं आहे म्हणून पाणी पाजू नका. थांबा.

वाहिन्या गेल्या असतील तर ओला केलेला पापुद्रा चोचीपासून मागे, डोक्यावरून टोपी काढावी तसा हळू सरकवा. डोकं उजव्या पंखाखाली असतं. पंखाखालून ते मोकळं केलं, मान ताठ करता आली, की बाकीचं पिल्लावर सोपवा. कमरेपासून खालचं कवच काढायचं नाही. बलक आणि बेंबी तिकडेच आहेत, आणि पाय मारून बाहेर पडण्यात जो जोर लागतो तो पिल्लानंच लावायचा असतो. अर्धं कवच अंगावर ठेवून अंडं कोमट ओल्या कापडाच्या घडीवर, वाटीत आडवं ठेवा आणि आत सरकवा. तासाभरात निघतं. कधी रात्रभरही लागते.

रक्त आलंच तर घाबरून पुढे ओढू नका. ईअरबडवर कॉर्नफ्लोअर घेऊन त्या जागी मिनिटभर हलकं दाबून धरा. थेंबभर रक्त पिल्लू सोसतं. धार लागली तर वाचायची शक्यता कमी. हळद घालायची सवय आपल्याकडे सगळ्यांनाच आहे, पण तिखट-मिठाच्या डब्याशेजारची हळद उघड्या बेंबीजवळ नको.

एका वेळी अंडं पाच मिनिटांपेक्षा जास्त बाहेर नको. आणि झाकण उघडण्याची किंमत फक्त त्याच अंड्याला पडत नाही: दमट हवा क्षणात बाहेर जाते, आणि नुकताच टवका पाडलेली बाकीची पिल्लं वाळायला लागतात. एकाला वाचवायला दहा वेळा झाकण उघडून आणखी तीन अडकवणं हा फार नेहमीचा प्रकार आहे. जमल्यास अडकलेल्या अंड्यासाठी वेगळी छोटी पेटी ठेवा: थर्माकोलचा डबा, छोटा बल्ब, ओलं कापड.

टवका निमुळत्या टोकाला असेल तर

पिल्लू उलटं बसलंय. पोकळी दुसऱ्या टोकाला राहिली, म्हणजे आतल्या टोच्याचा सराव न होताच चोच थेट कवचाला लागली. शिवाय निमुळत्या टोकाला पाय मारायला आणि फिरायला जागा कमी. अशी काही पिल्लं स्वतः निघतात, म्हणून पहिले २४ तास फक्त टवका मोकळा आहे ना आणि नाक उघडं आहे ना एवढंच बघा. मदत करायची झाली तर इथं ‘पोकळीच्या हद्दीत’ हा नियम लागू पडत नाही, कारण टवक्याभोवती सगळीकडे जिवंत पापुद्रा असतो. चोचीभोवती मसूरडाळीएवढी जागा मोकळी करा, तेल लावा, परत ठेवा. दर चार-सहा तासांनी थोडं थोडं. या प्रकाराला दीड दिवस लागू शकतो आणि एवढं करूनही पिल्लू हातचं जाऊ शकतं.

बाहेर आल्यावर

बेंबीशी पिवळा फुगवटा लोंबत असेल तर तो बलक आहे. ढकलायचा नाही, कापायचा नाही, दोरा बांधायचा नाही. पिल्लाला वाटीत ओल्या मऊ कापडावर बसवून, बाकीची पिल्लं टोचणार नाहीत असं वेगळं, ३७ अंशांत ठेवा. बऱ्याचदा १२ ते २४ तासांत तो आत जातो. बेंबी उघडी दिसली तर पाणी घालून पातळ केलेलं पोव्हिडोन आयोडीन ईअरबडनं लावा.

सुकेपर्यंत इनक्युबेटरमध्येच राहू द्या, २४ तासांपर्यंत काही बिघडत नाही. पोटातल्या बलकावर पिल्लू दोन दिवस आरामात काढतं, त्यामुळे ‘उपाशी आहे’ म्हणून ओलं पिल्लू बाहेर काढायची गरज नाही. पाय बाजूला फाकत असतील तर पहिल्याच दिवशी बघा: चिकटपट्टीची बारीक पट्टी करून दोन्ही पायांत साधारण एक इंच अंतर राहील अशी बांधा, दोन-तीन दिवस. खाली वर्तमानपत्र नको, त्यावर पाय घसरतात. गोणपाट किंवा खरखरीत कापड घाला. ब्रूडरमध्ये, म्हणजे पिल्लं उबेत वाढवायच्या पेटीत, पहिल्या आठवड्यात ३५ अंश लागतात, पण मे महिन्यात जळगाव-भुसावळच्या पत्र्याच्या खोलीत दुपारी त्याहून जास्त असतंच. तिथं दिवसा बल्ब बंद, रात्री चालू. पिल्लं बल्बखाली गोळा झाली तर थंडी, भिंतीला जाऊन धापा टाकत असतील तर उकाडा.

तेच तेच का होतंय

एखादं पिल्लू कुठंही अडकतं. प्रत्येक खेपेला दहातली तीन-चार अडकत असतील तर दोष २१व्या दिवसाचा नाही, आधीच्या दिवसांचा आहे. आणि तो ओळखायला अडकलेलं पिल्लूच उत्तम पुरावा.

पापुद्रा कोरडा, कडक, पिसांना चिकटलेला, पिल्लू लहानखोरं, पोकळी मोठी: अंड्यातून पाणी जास्त उडालं, किंवा शेवटच्या तीन दिवसांत दमटपणा कमी पडला. उलट पिल्लू फुगलेलं, ओलं, डिंकासारख्या चिकट द्रवानं माखलेलं, पोकळी छोटी, नाकात पाणी: अंड्यातून पाणी पुरेसं उडालंच नाही. दुसऱ्या प्रकारात पिल्लू टवका पाडायच्या आधीच, आतला टोचा करताना बुडून मरतं. हे ‘पूर्ण वाढलेलं पण न फुटलेलं’ अंडं पावसाळ्यात फार.

आता खानदेशची गोची. ‘दमटपणा पहिले १८ दिवस ४५ ते ५५ टक्के, शेवटचे तीन दिवस ६५ ते ७०’ हा आकडा सगळ्यांना पाठ असतो, पण त्यासाठी पाणी किती ठेवायचं हे ऋतूनुसार पार बदलतं. बाहेरची हवा मशीनमध्ये शिरून ३७.५ अंशांना येते तेव्हा तिचा दमटपणा किती उरतो ते बघा. मे महिन्यातली दुपार, ४२ अंश आणि १५ टक्के: मशीनमध्ये पाण्याशिवाय १९ टक्के. श्रावणातली हवा, २७ अंश आणि ८५ टक्के: मशीनमध्ये ४७ टक्के, म्हणजे पाण्याचा थेंबही न ठेवता काम झालं. आणि जानेवारीतली धुळ्याकडची रात्र, १२ अंश आणि ६० टक्के: मशीनमध्ये फक्त १३! थंडीत हवा दमट वाटते म्हणून पाणी कमी करणारे इथंच फसतात. गार हवेत पाणी मुळात कमी असतं, ती तापली की उन्हाळ्याहून कोरडी होते. उन्हाळ्यात मशीन कूलरच्या खोलीत असेल तर हिशोब पुन्हा वेगळा: ३० अंश आणि ६० टक्क्यांची हवा आत ३९-४० टक्के देते. तिथं शेजाऱ्याच्या पत्र्याच्या खोलीएवढं पाणी ठेवलंत तर पिल्लं बुडतील.

म्हणून ट्रे मोजू नका, अंडी तोला. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. अठराव्या दिवसापर्यंत अंड्यांचं वजन १२ ते १३ टक्के घटायला हवं, म्हणजे रोज साधारण ०.७ टक्के. दहा गावरान अंडी ४३० ग्रॅम भरली, तर सातव्या दिवशी ती ४०९ च्या आसपास, चौदाव्या दिवशी ३८८ आणि अठराव्या दिवशी ३७४ ते ३७८ भरायला हवीत. वंध्य अंडी काढून टाकली तर तेवढीच पुन्हा तोलून नवी सुरुवात धरा. सातव्या दिवशी ४०० वर आलात तर पाणी वाढवा, ४१८ वरच असाल तर पाणी काढा. पाणी वाढवायचं म्हणजे खोली नाही, पृष्ठभाग वाढवायचा. खोल डब्यापेक्षा पसरट ताटली, आणि त्याहून जास्त हवं असेल तर तिच्यात उभं केलेलं स्पंज. शेवटच्या तीन दिवसांत झाकण उघडून पाणी ओतायचं नाही. सलाईनची स्वच्छ नळी बाहेरून ताटलीपर्यंत नेऊन ठेवा आणि सिरिंजनं कोमट पाणी सोडा.

आकडे दाखवणारं यंत्रच खोटं बोलत असेल तर हे सगळं वाया. दमटपणाचा मीटर तपासायला बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, लापशीसारखं होईल एवढंच पाणी घाला, मीटरसोबत घट्ट डब्यात बंद करून सहा-आठ तास ठेवा. मीटरनं ७५ टक्के दाखवायला हवं. ६८ दाखवलं तर त्यात कायम ७ मिळवा. तापमानासाठी घरातलं ताप मोजायचं डिजिटल थर्मामीटर चांगलं, कारण ते याच टप्प्यात अचूक असतं: ३८ अंशांच्या आसपासच्या पाण्यात दोन्हींची टोकं एकत्र धरून फरक बघा.

तापमान पंख्याच्या मशीनमध्ये ३७.५ आणि बिनपंख्याच्या पेटीत अंड्याच्या वरच्या पातळीला ३८.३ ते ३८.९ अंश. बिनपंख्याच्या पेटीत तळाला मोजून ३७.५ आणणाऱ्याची अंडी वरून भाजतात. घरगुती थर्माकोलच्या पेटीत डब्ल्यू १२०९ हे छोटं थर्मोस्टॅट बसवलेलं असेल तर एक गोष्ट हमखास चुकते: पी-१ हा बल्ब बंद होणं आणि पुन्हा लागणं यांतला फरक कारखान्यातून २ अंश ठेवलेला येतो, म्हणजे तापमान सतत वरखाली होत राहतं. तो ०.२ किंवा ०.३ करा. पी-० मध्ये ‘एच’ आहे ना तेही बघा, ‘सी’ असेल तर ते थंड करायचं कंट्रोलर म्हणून चालतं. सेन्सर बल्बच्या समोर नको, अंड्यांच्या उंचीला हवा. पिल्लं विसाव्या दिवशीच फुटायला लागली तर तापमान जास्त, बाविसाव्या-तेविसाव्या दिवसापर्यंत रेंगाळली तर कमी. हे मीटरपेक्षा खरं सांगतं.

आणि मेमधला मोठा घोळ: इनक्युबेटर तापवू शकतो, गार करू शकत नाही. खोली ४२ अंशांवर असेल तर थर्मोस्टॅट बल्ब बंद ठेवेल, तरी आतलं तापमान चढतच राहणार, त्यात शेवटच्या आठवड्यात पिल्लांची स्वतःची ऊब भर घालते. ४० च्या वर काही तास गेले तर पिल्लं मरतात किंवा इतकी अशक्त होतात की टवका पाडून थांबतात. मशीन घरातल्या सर्वांत गार, जाड भिंतीच्या खोलीत ठेवा. आखाजी ते मृगापर्यंत पत्र्याखाली खेप लावूच नये.

लोडशेडिंगचंही तसंच. हिवाळ्यात वीज गेली तर मशीनवर गोधडी टाका, हवेची भोकं मात्र उघडी. तास-दोन तास काही होत नाही. पण मेच्या दुपारी तीच गोधडी म्हणजे मरण. पंखा बंद, बाहेर ४२, आतली ऊब कोंडलेली. तेव्हा भोकं पूर्ण उघडा, झाकण बोटभर वर ठेवा, फटीजवळ ओलं फडकं टांगा. शेवटच्या तीन दिवसांत हवेची भोकं कधीच बुजवू नका, दमटपणा टिकवायच्या नादात तर नाहीच. या दिवसांत पिल्लांना हवा सर्वांत जास्त लागते.

उलटी बसलेली पिल्लं वारंवार येत असतील तर बघायच्या गोष्टी थोड्या: अंडी निमुळतं टोक वर करून मांडली होती का, आणि १८ दिवस रोज किमान तीनदा, शक्यतो विषम वेळा, फिरवली का. फिरवायची मोटर अडकून बसलेली असते आणि कोणाच्या लक्षात येत नाही. एका अंड्यावर फुली मारून ठेवा.

मशीनमध्ये जायच्या आधीचंही बघा. अंडं २०-२१ अंशांच्या वर गेलं की आत अर्धवट वाढ सुरू होते. आपल्याकडे एप्रिलमध्ये फळीवरच्या टोपलीत अंडी ३८-४० अंश सोसतात, रात्री गार होतात, पुन्हा तापतात. अशी अंडी फुटली तरी पिल्लं वेगवेगळ्या दिवशी आणि अशक्त निघतात. कोरड्या हवेत माठ उत्तम काम करतो: ओल्या वाळूत बसवलेला, बाहेरून ओलं गोणपाट गुंडाळलेला रिकामा माठ, आत अंडी कोरडी, बोथट टोक वर. तरीही आठवड्याच्या आत लावा.

आणि अडकणारी पिल्लं एकाच कोंबडीची असतील तर मशीनला बोल लावू नका. तिचं खाद्य बघा, किंवा कोंबडा तिचाच भाऊ आहे का ते. अशा पिल्लाला वाचवलंत तरी पैदाशीला ठेवू नका. वाळलेल्या पापुद्र्यातून सोडवलेलं पिल्लू मात्र पुढे इतरांसारखंच असतं. मोठी पक्षीच पटापट मरत असतील तर ही उबवणीची गोष्टच नाही, तडक सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. नवापूरचा फेब्रुवारी २००६ मधला बर्ड फ्लू इथल्या कोंबडीवाल्यांना वेगळं सांगायला नको.

तेविसाव्या दिवशी, आत आवाज आणि हालचाल नाही याची बॅटरीवर खात्री करून, उरलेली अंडी घराबाहेर फोडून बघा. नाक-तोंडावर फडकं बांधा, कुजलेलं अंडं फटाक्यासारखं उडतं. काहीच न वाढलेलं, पहिल्या आठवड्यातलं रक्ताचं कडं, पूर्ण वाढलेलं कोरडं, पूर्ण वाढलेलं ओलं: चार रकाने करून संख्या लिहा, शेजारी ऋतू आणि वजनाचे आकडे. मग फूटभर खड्ड्यात चुना टाकून पुरा, नाहीतर गल्लीतल्या कुत्र्यांना अंड्यांची चटक लागते आणि पुढची खेप खुराड्यातूनच जाते.